पंधरा जणांचं कॉलेज

अमेरिकेत दोन कॉलेजांमध्ये झालेली पहिली क्रीडास्पर्धा एका रेल्वे कंपनीच्या पैशानं भरली होती. तारीख ३ ऑगस्ट १८५२. न्यू हॅम्पशर राज्यातल्या विनिपसॉकी तळ्याकडे बॉस्टन, कॉन्कॉर्ड अँड मॉन्ट्रियल कंपनीची गाडी जायची आणि कंपनीला उन्हाळ्यात तिकिटं खपवायची होती. कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं येल कॉलेजच्या जेम्स व्हायटन या विद्यार्थ्याला गळ घातली: हार्वर्डच्या पोरांना बोलवा, आमच्या तळ्यात नावांची शर्यत लावा, खर्च सगळा आमचा. फुकटची सहल कोण सोडणार? शर्यत झाली, हार्वर्डची नाव पुढे आली आणि टोकाला चांदी मढवलेली वल्ही बक्षीस म्हणून दिली फ्रँकलिन पिअर्स यांनी. ते तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे होते. नोव्हेंबरात निवडूनही आले.

प्रायोजक, पुढारी, गर्दी, बक्षीस, सगळं पहिल्याच दिवशी हजर. आयपीएल बघत मोठ्या झालेल्या पिढीला यात नवल वाटायचं कारण नाही.

ही गोष्ट मी आधी सांगते, कारण आपल्याला सांगितली जाते ती गोष्ट वेगळी असते. पुण्या-मुंबईत परदेशी प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या ऑफिसांत 'प्रोफाइल बिल्डिंग' नावाचं पॅकेज मिळतं. नववीतल्या मुलाला तिथे सांगतात की नुसत्या मार्कांनी भागत नाही. अमेरिकी कॉलेजांना 'पूर्ण माणूस' हवा असतो. म्हणून एक खेळ पकड, एक क्लब काढ, एका संस्थेचा अध्यक्ष हो. हे सगळं नेतृत्व घडवतं, चारित्र्य घडवतं, ही तिथली जुनी थोर परंपरा आहे, वगैरे. अर्जाच्या 'कॉमन अ‍ॅप'मध्ये अशा उद्योगांसाठी दहा रकाने असतात. ते भरण्यासाठी आईबाप लाखांत पैसे मोजतात आणि पोरं चार वर्षं रकान्यांसाठी जगतात.

या थोर परंपरेबद्दल माझं भांडण आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी कॉलेजात विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हिमतीवर एक खरोखर चांगली गोष्ट उभी केली होती. त्याच शतकात ती मोडली. तिच्या जागी मूठभर निवडलेल्यांची, हजारो बघ्यांची आणि माजी विद्यार्थ्यांच्या तिजोरीची व्यवस्था आली. आज आपल्याला विकली जाते ती ही दुसरी व्यवस्था, आणि जाहिरात मात्र पहिलीच्या पुण्याईवर चालते. हे कसं झालं ते बघायला मी एकच कॉलेज घेते: न्यू हेवनचं येल. कारण या व्यवस्थेचा कारखाना तिथे होता.

आधी काय होतं

१८३० चं येल म्हणजे आजच्या माहितीपत्रकातल्या फोटोंचं हिरवंगार कॅम्पस समजू नका. सक्तीची प्रार्थना, लॅटिन, ग्रीक, गणित आणि पाठांतर. वर्गात बसून पाठ केलेलं म्हणून दाखवायचं, मास्तर वहीत मार्क टाकणार. १८२८ साली कॉलेजच्या प्राध्यापकांनी एक प्रसिद्ध अहवाल काढून ठणकावून सांगितलं की हाच अभ्यासक्रम योग्य आहे, तो बदलणार नाही. त्याच वर्षी मेसच्या जेवणावरून पोरांनी बंड केलं. त्याला 'ब्रेड अँड बटर बंड' म्हणतात. दोन वर्षांनी भूमितीच्या आकृत्या पुस्तक न बघता फळ्यावर काढायला लावल्या म्हणून दुसऱ्या वर्षाच्या वर्गानं नकार दिला. कॉलेजनं चाळीसहून अधिक विद्यार्थ्यांना एका फटक्यात काढून टाकलं. वर्गातला जवळजवळ निम्मा पट गेला.

अशा ठिकाणी विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी दोन सभा चालवल्या होत्या. 'लिनोनिया' १७५३ पासून आणि 'ब्रदर्स इन युनिटी' १७६८ पासून. आठवड्याला जमायचं, वाद घालायचा, भाषण करायचं, निबंध वाचायचा. गुलामगिरीसारखे जे प्रश्न वर्गात पाठांतराच्या धबडग्यात शिरू शकत नव्हते, ते इथे चर्चेला यायचे. या सभांच्या स्वतःच्या लायब्रऱ्या होत्या, हजारो पुस्तकांच्या. कॉलेजच्या ग्रंथालयाचा कल धर्मशास्त्राकडे आणि जुन्या पोथ्यांकडे. नवी कादंबरी किंवा चालू काळातलं काही वाचायचं तर सभेच्या लायब्ररीत जायचं. पुस्तकं विद्यार्थी विकत घ्यायचे, यादी विद्यार्थी छापायचे, ग्रंथपाल विद्यार्थी निवडायचे, हिशेबही विद्यार्थीच ठेवायचे.

यातली मुख्य गोष्ट अशी की बराच काळ येलमध्ये प्रवेश घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला या सभांपैकी एकीत जागा होती. मुलाखत नाही, चाळणी नाही. तू इथला विद्यार्थी आहेस, बस, चल आत.

या पद्धतीनं काय होऊ शकतं त्याचं उदाहरण म्हणजे युंग विंग. दक्षिण चीनमधल्या खेड्यातला, मिशनरी शाळेत शिकलेला हा मुलगा १८५० साली येलमध्ये आला. खिशात पैसे नाहीत. कॉलेजची मेस १८४० च्या दशकातच बंद पडली होती आणि पोरं गटागटानं आपापले भोजन-क्लब चालवत. युंग विंग अशाच एका क्लबचा कारभारी झाला. बाजारहाट करायचा, टेबलावर वाढायचं आणि त्या बदल्यात स्वतःचं जेवण सोडवायचं. आपल्याकडे वार लावून किंवा मेस सांभाळून शिकलेल्यांच्या गोष्टी घरोघरी आहेत, त्यातलीच ही एक. पण गोष्ट तिथे थांबत नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं इंग्रजी निबंधलेखनात बक्षिसं मिळवली आणि पुढे 'ब्रदर्स इन युनिटी'च्या लायब्ररीचं काम त्याच्याकडे आलं. १८५४ साली तो पदवीधर झाला. अमेरिकी कॉलेजातून पदवी घेणारा पहिला चिनी विद्यार्थी. १९०९ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्यानं या नोकऱ्यांचा हिशेब मोकळेपणानं दिला आहे. जेवणाच्या टेबलाशी तो वाढपी होता आणि सभेच्या पुस्तकांपाशी ग्रंथपाल. दोन्ही कामं विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या संस्थांमधली.

आता कुणी म्हणेल, हे फारच गोड चित्र झालं. गोड नाहीच ते. स्त्रियांना त्या कॉलेजात पदवीसाठी १९६९ पर्यंत प्रवेश नव्हता. कृष्णवर्णीय विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजावे इतके. आणि विद्यार्थ्यांच्या हाती कारभार म्हणजे साधूसंतांचा मेळा नव्हे. १८५८ साली एका भोजन-क्लबच्या पोरांची गावातल्या अग्निशामकांशी मारामारी झाली आणि त्यात एक अग्निशामक गोळी लागून मेला. दार अरुंद होतं आणि आतली पोरं दांडगट होती, हे मान्य. माझा मुद्दा एवढाच की दारातून एकदा आत आलेल्याला आणखी दारं ओलांडावी लागत नव्हती.

पंधरा

ती दारं बसवायला सुरुवात झाली १८३२ साली. त्या वर्षी शेवटच्या वर्गातल्या काही विद्यार्थ्यांनी 'स्कल अँड बोन्स' ही गुप्त सभा काढली. १८४२ मध्ये तिची प्रतिस्पर्धी 'स्क्रोल अँड की' निघाली. दरवर्षी प्रत्येकीत पंधरा जण घ्यायचे. 'बोन्स'नं १८५६ मध्ये खिडक्या नसलेली दगडी इमारत बांधली; पोरं तिला 'थडगं' म्हणत. आत काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही. पुढे निवडीचा विधीच सार्वजनिक झाला. मे महिन्यात एका ठरलेल्या संध्याकाळी अख्खा वर्ग पटांगणात उभा राहायचा आणि सभासद गर्दीत शिरून हव्या त्या पोराच्या पाठीवर थाप मारायचे. थाप पडली तो धन्य. उरलेले सगळ्या गावासमोर उरलेले.

विद्यार्थ्यांच्या मनावर याचा परिणाम काय होतो हे कळायला मानसशास्त्र लागत नाही. शेवटच्या वर्षी थाप पडावी म्हणून पोरं पहिल्या वर्षापासून तयारीला लागली. पहिल्या वर्षासाठी वेगळ्या सभा, दुसऱ्यासाठी वेगळ्या, तिसऱ्यासाठी वेगळ्या, अशी उतरंड रचली गेली. प्रत्येक पायरीवर काही गाळले जाणार. मग कोणाशी मैत्री करायची, कुठल्या मासिकात लिहायचं, कुठल्या संघात खेळायचं, हे सगळं एकाच प्रश्नाला बांधलं गेलं: यानं माझी थाप जवळ येईल का?

उघड्या सभांना याचा फटका बसला. ज्यांच्यात दम होता त्यांचं लक्ष थडग्याकडे. वादसभेत उभं राहून बोलण्यात वेळ घालवायचा कशाला, तिथे तर कोणीही येऊ शकतो! 'कोणीही येऊ शकतो' हीच जिची ताकद होती, तिच्याकडे आता त्याच कारणासाठी पाठ फिरली. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला लिनोनिया आणि ब्रदर्स दोन्ही संपल्या. त्यांची पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. आज येलच्या ग्रंथालयात त्यांच्या नावाची एक सुंदर वाचनखोली आहे. मेलेल्यांची नावं खोल्यांना देण्याची पद्धत तिकडेही आहे.

एक खूण तेवढी बरीच वर्षं टिकली होती: कॉलेजच्या कोपऱ्यावरचं लाकडी कुंपण. पोरं संध्याकाळी त्यावर बसायची, गाणी म्हणायची, टवाळी करायची. आपल्याकडच्या कट्ट्यासारखंच. तिथेही कोणत्या वर्गानं कुठे बसायचं याचे नियम होते, पण बसायला निवडून यावं लागत नव्हतं. १८८८ मध्ये तिथे नवीन इमारत उठवायची म्हणून ते कुंपण काढलं. पोरांनी आणि जुन्या विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला. इमारत झालीच.

घड्याळ कंपनीतला माणूस

खेळाचीही हीच गत झाली.

येलमध्ये फुटबॉल आधी कसा होता? वर्षातून एकदा गावाच्या मैदानावर पहिल्या वर्षाचा अख्खा वर्ग विरुद्ध दुसऱ्या वर्षाचा अख्खा वर्ग. नियम जेमतेम, नडगी फुटणं नक्की. १८५० च्या दशकाच्या अखेरीस तो बंद पाडण्यात आला. हार्वर्डनं १८६० मध्ये असाच खेळ बंद केला तेव्हा पोरांनी फुटबॉलची रीतसर प्रेतयात्रा काढून त्याला पुरलं होतं. रानटी खेळ होता, पण त्यात प्रेक्षक जवळजवळ नव्हते. वर्गात आहेस ना, मग उतर मैदानात.

१८७० च्या दशकात फुटबॉल परत आला तो आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या रूपात. १८७६ साली येलमध्ये वॉल्टर कँप नावाचा विद्यार्थी आला. त्यानं आधी खेळाडू म्हणून आणि मग नियम ठरवणाऱ्या बैठकांमधून या खेळाचं रूप पालटलं. १८८० मध्ये त्याच्या आग्रहानं एका बाजूला अकरा खेळाडू ठरले आणि चेंडू कोणाच्या ताब्यात हे प्रत्येक डावाआधी स्पष्ट करणारी रचना आली. १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा, हा नियम आला. मैदानावर चुन्याच्या रेघा पडल्या. प्रत्येकाला ठरलेली जागा आणि ठरलेलं काम मिळालं. खेळाडू आता हुकूम ऐकून हलू लागले.

पदवीनंतर कँप न्यू हेवनच्या घड्याळ कंपनीत नोकरीला लागला आणि पुढे तिचा अध्यक्ष झाला. दिवसा कंपनीत अडकलेला असे तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस सराव बघायला जायची आणि संध्याकाळी त्याला सगळा तपशील सांगायची. येलचा पगारी प्रशिक्षक तो नव्हता. कागदोपत्री कारभार विद्यार्थी कर्णधाराचा, खरा शब्द कँपचा. १८८८ च्या हंगामात येलनं तेरा सामने खेळले, तेरा जिंकले. एकूण गुण ६९८. प्रतिस्पर्ध्यांचे शून्य.

हा आकडा पुन्हा वाचा. ६९८ विरुद्ध शून्य. ज्या खेळात समोरच्याला अख्ख्या हंगामात एक गुण मिळत नाही, त्यातून 'खिलाडूवृत्ती' शिकायची ती कोणी? आणि येलमधल्या शेकडो पोरांपैकी त्या अकरांत नसलेल्यांनी काय करायचं? ओरडायचं. तिकीट काढायचं. एका पिढीपूर्वी जो मैदानात उतरला असता, तो आता कठड्यामागे गेला.

तिकिटांचा पैसा जमत गेला तसा हिशेबही हातातून गेला. वेगवेगळ्या खेळांची खाती एकत्र करून एक निधी झाला, त्यावर कँपची देखरेख. १९०५ मध्ये 'मॅक्लूर्स' मासिकात हेन्री बीच नीडम या पत्रकारानं कॉलेजच्या खेळांचं पितळ उघडं पाडलं. त्या सुमारास बाहेर आलं की या निधीत सुमारे एक लाख डॉलर शिल्लक आहेत. त्या काळच्या एक लाख डॉलरवर कॉलेजातल्या पोरांनी चालवलेली संस्था म्हणून शिक्का मारणं म्हणजे आयत्या बिळावर नागोबा बसवून बिळावर उंदराच्या नावाची पाटी ठेवणं.

'पण गरिबांच्या पोरांना संधी मिळाली ना?'

खेळाच्या बाजूनं केला जाणारा सगळ्यात वजनदार युक्तिवाद हाच आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. अलोन्झो स्टॅग हा मोच्याचा मुलगा येलमध्ये बेसबॉल आणि फुटबॉलच्या जोरावर नावाजला गेला. 'बोन्स'ची थापही त्याच्या पाठीवर पडली. १८९२ मध्ये नव्या शिकागो विद्यापीठानं त्याला खेळाचा प्रमुख नेमलं, तेही प्राध्यापकाचा दर्जा देऊन. युंग विंगच्या प्रयत्नांनी १८७२ पासून १२० चिनी मुलं अमेरिकेत शिकायला आली. त्यातला चुंग मुन-यू येलमध्ये पोचला आणि १८८० आणि १८८१ अशी दोन वर्षं हार्वर्डविरुद्धच्या शर्यतीत येलच्या नावेचं सुकाणू त्याच्या हातात होतं. दोन्ही वेळा येल जिंकलं. अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजात १८९१ च्या फुटबॉल संघाचा कर्णधार होता विल्यम हेन्री लुइस. त्याचे आईबाप गुलामगिरीत जन्मलेले.

ही नावं खरी आहेत, त्यांचं कर्तृत्व खरं आहे. पण त्यांच्यापुढे पान उलटून बघा. चुंग मुन-यूची शर्यत जिंकून झाली त्याच वर्षी चीन सरकारनं सगळ्या मुलांना परत बोलावलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेनं चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला. लुइस पुढे हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये गेला, तिथेही खेळला, देशातल्या सर्वोत्तम अकरांत त्याची निवड झाली. ज्या केंब्रिज गावात त्याच्यासाठी टाळ्या पडत होत्या, तिथल्याच एका न्हाव्यानं तो काळा म्हणून त्याचे केस कापायला नकार दिला. लुइसनं कायदा बदलून घेण्यासाठी झगडा केला. टाळ्या वाजवणाऱ्या स्टँडनं त्याला जे दिलं नव्हतं, ते त्याला कायद्याकडून मिळवावं लागलं.

आणि ज्याच्यासाठी स्टँडनं टाळ्या वाजवल्याच नाहीत त्याचं काय? एडवर्ड बूशे हा न्यू हेवनचाच कृष्णवर्णीय मुलगा १८७४ मध्ये येलचा पदवीधर झाला, वर्गात सहावा. १८७६ मध्ये त्यानं येलमधून भौतिकशास्त्रात पीएचडी मिळवली. अमेरिकेत पीएचडी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. कुठल्याही मोठ्या विद्यापीठानं त्याला नोकरी दिली नाही. फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत त्यानं पाव शतकाहून अधिक काळ शिकवलं. त्याच दशकात त्याच कॉलेजात क्लब आणि संघ 'चारित्र्य घडवत' होते. पारख करण्याची एवढी यंत्रणा उभी होती आणि तिच्या नजरेत हा माणूस भरला नाही.

हाताशी संधी नसलेल्याला खेळानं दार उघडून दिलं, तर त्याची किंमतही वसूल केली. येलचा १९०४ चा कर्णधार जेम्स होगन हा कष्टकरी घरातला, वयानं मोठा आयरिश विद्यार्थी. नीडमच्या लेखांतून कळलं की होगनला उत्तम वसतिगृहात जागा, फी माफ, क्यूबाची सहल, सामन्याच्या गुणपत्रिकांच्या विक्रीत वाटा आणि न्यू हेवनमध्ये खपणाऱ्या अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटींवर कमिशन मिळत होतं. मी होगनला दोष देत नाही. गरीब माणसानं घाम गाळून पैसे घेतले यात पाप नाही. पाप आहे ते त्या घामाला 'हौशी खेळ' म्हणायचं, त्याचं उपदेशात रूपांतर करायचं आणि मोबदला मागच्या दारानं सिगारेटीच्या पाकिटातून द्यायचा, यात. शंभर वर्षांहून जास्त काळ हे ढोंग चाललं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कॉलेज खेळाडूंच्या बाजूनं एकमतानं निकाल दिला तेव्हा कुठे त्याला तडा गेला.

बंद केलं तर काय होतं?

१९०५ च्या हंगामात अमेरिकेत फुटबॉल खेळताना १८ मुलं मेल्याची मोजदाद 'शिकागो ट्रिब्यून'नं छापली. यातली बरीचशी शाळकरी. त्याआधी ऑक्टोबरातच राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं होतं. येलतर्फे गेला होता कँप. पुढे नियम बदलले, १९०६ मध्ये नियामक संघटना स्थापन झाली, तीच आजची 'एनसीएए'. मारणं कमी झालं, धंदा वाढला. १९१४ मध्ये येलनं सुमारे ७० हजार लोक बसतील असं मैदान बांधलं. कॉलेजात विद्यार्थी होते त्याच्या कितीतरी पट.

पण एका विद्यापीठानं वेगळं केलं. न्यू यॉर्कच्या कोलंबियानं १९०५ च्या हंगामानंतर फुटबॉल बंदच करून टाकला. दहा वर्षं. १९१५ मध्ये तो परत सुरू झाला. ही तारीख मराठी वाचकानं ओळखली पाहिजे, कारण बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात पोचले ते १९१३ मध्ये. त्यांच्या पहिल्या दोन वर्षांत त्या विद्यापीठाला फुटबॉलचा संघच नव्हता. जॉन ड्यूई होते, सेलिग्मन होते, ग्रंथालय होतं. कोणाला कुठे काही कमी पडल्याचं दिसलं का? 'फुटबॉलशिवाय कॉलेज अपुरं' म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

खेळच नकोत असं मी म्हणत नाही. शरीर हलवायलाच हवं. पहिल्या शर्यतीत येलसाठी वल्हं मारणाऱ्या व्हायटननं १८६१ मध्ये येलमधूनच पीएचडी मिळवली, अमेरिकेत दिल्या गेलेल्या पहिल्या तीन पीएचडींपैकी एक. बॉब कुक हा येलचा कर्णधार १८७२-७३ च्या हिवाळ्यात स्वतः इंग्लंडला गेला, तिथली वल्हवण्याची पद्धत शिकून आला आणि आपल्या दोस्तांना शिकवली. त्याला कोणी पाठवलं नव्हतं. रेल्वे कंपनीचे पैसे घेऊन गेलेली १८५२ ची पोरंसुद्धा नाव स्वतःच चालवत होती. पैसा आला म्हणून खेळ नासला असं सरसकट म्हणता येत नाही. तो नासला जेव्हा नाव चालवण्याचा निर्णय काठावर उभ्या असलेल्यांनी घ्यायला सुरुवात केली तेव्हा.

आता आपल्याकडे

या दुसऱ्या व्यवस्थेचं टोक २०१९ मध्ये जगानं बघितलं. अमेरिकेतल्या प्रवेश-घोटाळ्यात येलच्या महिला सॉकर संघाच्या तेव्हाच्या प्रशिक्षकानं लाच घेतल्याचं कबूल केलं. एका मुलीला संघातली खेळाडू दाखवून प्रवेश मिळवून दिला गेला. ती तो खेळ त्या पातळीवर खेळतच नव्हती. त्यासाठी त्याला चार लाख डॉलर मिळाले. लोकांनी याला अपवाद म्हटलं. मला तो नियमाचा शेवटचा अध्याय वाटतो. खेळ हा एकदा प्रवेशाचं चलन झाला की कोणीतरी खोट्या नोटा छापणारच.

आणि आपण हे चलन मोठ्या हौसेनं बाजारात आणतोय. वाचनाची आवड नसलेला मुलगा 'बुक क्लबचा संस्थापक' होतो. वस्तीतल्या मुलांना चार रविवार शिकवून फोटो निघतात, पाचव्या रविवारी कोणी जात नाही. दहावीतली मुलगी कबड्डी सोडून तलवारबाजीला जाते, कारण काउन्सेलर म्हणाला कबड्डीचं तिकडे कोणाला कळत नाही. या पोरांवर मी चिडत नाही. पाठीवर थाप पडावी म्हणून ती बिचारी पटांगणात उभी आहेत, येलच्या पोरांसारखीच. मी चिडते ते या थापेला 'नेतृत्वगुण' म्हणून विकणाऱ्यांवर.

तुम्ही आता कॉलेजात असाल, किंवा जाणार असाल, तर कुठल्याही क्लबबद्दल, संघाबद्दल, फेस्टबद्दल तीन प्रश्न विचारा. पहिला: हिशेबाची वही कोणाकडे आहे? दुसरा: निवड न होता कोणाला आत येता येतं का? तिसरा: बघणारं कोणीच नसेल, कुठल्याच रकान्यात लिहिता येणार नसेल, तरी हे चालू राहील का? तिन्ही उत्तरं समाधानकारक असतील तर मनापासून घुसा त्यात, अभ्यास थोडा बुडाला तरी चालेल.

नसतील, तर चार मित्रांना गोळा करा, पुस्तकांचं एक कपाट मिळवा किंवा एक चेंडू आणा आणि आपलं आपण सुरू करा. दार उघडं ठेवा. सगळ्यात आधी ज्याला कुठेच घेतलं नाही त्याला बोलवा, आणि शक्य झालं तर किल्ली त्याच्याकडे द्या.